राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमची पुनर्बांधणी: पैसा कसा उभा करायचा, काम कसं हाकायचं

लंडनचं जुनं वेम्ब्ली १९२३ मध्ये ३०० दिवसांत आणि साडेसात लाख पौंडांत उभं राहिलं. तिथला शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० रोजी झाला. जर्मनीने इंग्लंडला १-० हरवलं. त्याच जागेवरचं नवं स्टेडियम ९ मार्च २००७ रोजी ताब्यात मिळालं आणि त्या प्रकल्पाचा मंजूर खर्च होता ७५.७ कोटी पौंड. मधल्या साडेसहा वर्षांपैकी जवळजवळ दोन वर्षं पाडकामाला हातही लागला नव्हता. तो काळ वापर, मालकी आणि कर्ज यांच्या वाटाघाटींत गेला.

स्टेडियमचा प्रकल्प फसतो तो बहुतेक वेळा काँक्रीट किंवा पोलादामुळे फसत नाही, निर्णयांचा क्रम चुकल्यामुळे फसतो. म्हणून इथे तो क्रमच मांडला आहे. मुख्य उदाहरण वेम्ब्लीचं आहे. जोडीला डब्लिनचं लॅन्सडाउन रोड (आताचं अविवा), ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क आणि पॅरिसजवळचं स्टाड द फ्रान्स. एक कोटी पौंड म्हणजे १० दशलक्ष पौंड, हे धरून आकडे वाचावेत.

पायरी १: वापर आधी, जागा नंतर

वेम्ब्लीसाठी स्पोर्ट इंग्लंड या सरकारी क्रीडा संस्थेने लॉटरीच्या निधीतून १२ कोटी पौंडांचं अनुदान दिलं. त्यातून १९९९ मध्ये जुनं स्टेडियम १०.३ कोटींना विकत घेतलं गेलं. अट अशी होती की तिथे फुटबॉल, रग्बी लीग आणि ॲथलेटिक्स तिन्ही झालं पाहिजे. आराखडा त्या अटीवर आखला गेला. डिसेंबर १९९९ मध्ये सरकारने ॲथलेटिक्स वगळलं आणि लगेच प्रश्न आला: मग अनुदानातले २ कोटी परत करायचे की नाही, आणि केव्हा? त्या वादात पुढची बरीच शक्ती गेली.

फुटबॉल आणि धावपट्टी एका मैदानात का बसत नाही हे पुण्याच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने पाहिलेल्यांना सांगावं लागणार नाही. १०५ × ६८ मीटरच्या मैदानाभोवती ४०० मीटरची धावपट्टी आली की गोलमागचा प्रेक्षक इतका मागे जातो की समोरच्या टोकाचा चेंडू त्याला नीट दिसत नाही. स्टेडियमच्या आराखड्यात सहसा प्रेक्षकापासून मैदानाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर १९० मीटरच्या आत, शक्यतो १५० च्या आत असावं असं धरलेलं आहे. स्टाड द फ्रान्सने यावर उपाय म्हणून खालच्या मजल्याच्या खुर्च्या मागे सरकणाऱ्या केल्या. तो उपाय चालतो, पण महाग आहे आणि यंत्रणा कायम सांभाळावी लागते.

त्यामुळे जागेचा करार करण्याआधी एक छोटा कागद तयार करा आणि त्यावर प्रत्येक पैसे देणाऱ्याची सही घ्या. त्यात पाच गोष्टी हव्यात: वर्षाला किती सामने, किती कॉन्सर्ट, मैदानाला सलग किती दिवस विश्रांती, किती प्रेक्षक, आणि यातलं काही बदललं तर वाढीव खर्च कोणाच्या खिशातून. शेवटचा मुद्दा सगळे टाळतात, आणि तोच पुढे महाग पडतो.

पायरी २: पाडायचं की जुन्याला जोड द्यायची

हॅम्पडेनने १९९० च्या दशकात जुना अंडाकृती वाडगा (मैदानाभोवतीच्या उतरत्या स्टँडचा मूळ आकार) ठेवून त्यावर नवं बांधकाम केलं. पैसे वाचले, पण गोलमागचे स्टँड मैदानापासून लांबच राहिले. ही तक्रार आजही आहे. आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या वाडग्याची भूमिती चुकीची असेल तर डागडुजीवर घातलेला पैसा दृष्टिरेषा सुधारत नाही.

निर्णय काहीही होवो, जमिनीची तपासणी निविदेआधी स्वतःच्या खर्चाने करा. माती तपासण्याचे बोअर साधारण १५ ते ४० मीटरच्या जाळीवर घ्या. जुन्या ड्रेनेज लाइनमधून कॅमेरा फिरवा. ॲस्बेस्टॉसची पाडकामपूर्व तपासणी पत्र्यांपुरती न ठेवता पाइपांवरच्या लेपापर्यंत न्या. जुने नकाशे काढा. वेम्ब्लीत मैदानाची पातळी पूर्वीपेक्षा ४ मीटर खाली न्यायची होती. खोदताना रेल्वे उद्योजक वॉटकिनच्या अर्धवट राहिलेल्या मनोऱ्याचा पाया सापडला. १९०७ मध्ये पाडलेला तो मनोरा लोक विसरले होते, पण त्याचं काँक्रीट जागेवरच होतं. असं काही सापडलं की ‘अनपेक्षित जमीन’ या कलमाखाली कंत्राटदार मुदतवाढ आणि पैसे दोन्ही मागतो. तपासणीचा अहवाल निविदेला जोडलेला असेल तर ही मागणी अर्ध्यावर येते.

पायरी ३: मालक एकच हवा

फुटबॉल संघटनेने प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढावी. इंग्लंडमध्ये एफएची (तिथल्या फुटबॉल संघटनेची) उपकंपनी वेम्ब्ली नॅशनल स्टेडियम लिमिटेड होती. कर्ज, कंत्राट, जमीन आणि तिकिटांचे हक्क सगळे त्याच कंपनीच्या नावावर असावेत, म्हणजे बँकेला एकाच ठिकाणी हात घालता येतो आणि काम बिघडलं तर संघटनेच्या युवा स्पर्धांचा पैसा त्यात ओढला जात नाही. हॅम्पडेनचा मालक क्वीन्स पार्क हा छोटा क्लब होता. १९९९ मध्ये स्टेडियम उघडलं आणि २००० मध्ये पैशाची इतकी टंचाई झाली की क्लबच अडचणीत आला. पुढे स्कॉटिश संघटनेने ते भाडेकराराने चालवलं आणि २०२० मध्ये ५० लाख पौंडांत विकत घेतलं.

खाजगी कंपनीला सवलत-करारावर (कंपनीने बांधून ठरावीक वर्षं चालवायचं, अशा करारावर) द्यायचं असेल तर स्टाड द फ्रान्सचा करार अभ्यासा. तो ३० वर्षांचा होता. तिथे कायमचा क्लब खेळायला आला नाही तर सरकारने भरपाई द्यायची असं कलम त्यात होतं. क्लब आलाच नाही, आणि वर्षानुवर्षं करदात्यांचा पैसा त्या कलमापोटी गेला. उत्पन्नाची हमी राज्याने दिली की चालवणाऱ्याला घराबाहेर पडायचं कारण उरत नाही.

पायरी ४: उत्पन्नाचा तक्ता

राष्ट्रीय स्टेडियमचा मोठा दोष असा की तिथे दर शनिवारी खेळणारा क्लब नसतो. वर्षाला सामने मोजकेच. त्यामुळे कर्ज फेडणारा खरा पैसा साध्या तिकिटांचा नसतो. तो १० वर्षांच्या परवान्यावर (म्हणजे तेवढी वर्षं ती खुर्ची वापरण्याच्या हक्कावर) विकलेल्या महागड्या खुर्च्यांतून येतो. वेम्ब्लीच्या ९०,००० पैकी सुमारे १७,००० जागा अशा आहेत.

नमुन्याचा हिशेब असा. हे आकडे वेम्ब्लीचे नव्हेत, पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. ४० कोटींचं कर्ज, ६ टक्के व्याज, २० वर्षं. वर्षाचा हप्ता येतो सुमारे ३.४९ कोटी. बँकेला हप्त्याच्या १.३५ पट निव्वळ उत्पन्न दिसायला हवं, म्हणजे ४.७१ कोटी. १७,००० खुर्च्या, वर्षाला सरासरी ३,००० पौंड, ८० टक्के विक्री: ४.०८ कोटी. जेवण, सेवा, कर्मचारी यांचा २५ टक्के खर्च वजा केला की ३.०६ कोटी उरतात. राहिलेले १.६५ कोटी सामन्यांचं भाडं, कॉन्सर्ट आणि नामहक्क (स्टेडियमला प्रायोजकाचं नाव देण्याचे पैसे) यांतून यायला हवेत.

आता विक्री ८० ऐवजी ६० टक्के धरा. खुर्च्यांचे निव्वळ २.३ कोटी, बाकी १.६५, एकूण ३.९५. गुणोत्तर १.३५ वरून १.१३ वर घसरतं. विक्री फक्त ८० वरून ६० टक्क्यांवर आली आणि बँक आता नफा बाहेर काढू देणार नाही. हा ६० टक्क्यांचा तक्ताच संचालक मंडळापुढे आधी ठेवा.

डब्लिनमध्ये नेमकं हेच घडलं. अविवा स्टेडियमला ४१ कोटी युरो लागले, त्यात सरकारचे १९.१ कोटी. आपला वाटा फेडण्यासाठी आयरिश फुटबॉल संघटनेने १० वर्षांची महागडी तिकिटं काढली, त्यातली सर्वांत वरची ३२,००० युरोंची. विक्री सुरू झाली सप्टेंबर २००८ मध्ये, जगभरच्या बँका कोसळत होत्या त्याच महिन्यात. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कर्ज राहिलं, आणि जानेवारी २०२० मध्ये सरकारला संघटनेसाठी धावून जावं लागलं (कारभाराच्या इतर भानगडीही त्यात होत्या). धडा विक्रीच्या क्रमाचा आहे: परवान्यांची ठरावीक संख्या अनामतीसह विकली गेल्याशिवाय कर्जाचा पहिला हप्ता उचलू नका. खरेदीची नुसती इच्छा कळवणारी पत्रं मोजू नका, बँकेत जमा झालेली अनामत मोजा.

आणखी एक. १० वर्षांचे सगळे परवाने एकाच वर्षी संपू देऊ नका. वेम्ब्लीचे पहिले परवाने २०१७ मध्ये एकदम संपणार होते. ७, १० आणि १२ वर्षांचे गट केले तर नूतनीकरणाचा ताण वाटला जातो.

पायरी ५: पैशाची उतरंड

सप्टेंबर २००२ मध्ये वेम्ब्लीचा आर्थिक करार झाला. जर्मनीच्या वेस्टएलबी बँकेचं कर्ज ४२.६ कोटी, एफएचे १४.८ कोटी, लॉटरीचे १२ कोटी, सरकारच्या क्रीडा खात्याचे २ कोटी, लंडन विकास संस्थेचे २.१ कोटी. शेवटच्या दोन रकमा स्टेडियमसाठी नव्हत्या, आजूबाजूचे रस्ते आणि वाहतूक यांसाठी होत्या. हा फरक महत्त्वाचा आहे. सार्वजनिक पैसा स्टेशन, पूल, गटारं यांत घालणं समर्थनीय ठरतं, कारण ते वर्षाचे ३६५ दिवस वापरात राहतं.

उचल कोणत्या क्रमाने? बँक आग्रह धरते की आधी मालकाचा पैसा, मग अनुदान, मग कर्ज. मालकालाही हे फायद्याचं असतं, कारण बांधकामकाळातलं व्याज कमी होतं. ४० कोटींचं कर्ज चार वर्षांत हळूहळू उचललं तर सरासरी अर्धी रक्कम बाहेर धरून ६ टक्क्यांनी ४.८ कोटी व्याज होतं. ते अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. ती ओळच गायब असलेली अंदाजपत्रकं कमी नसतात.

आकस्मिक खर्चासाठी किती? ब्रिटिश अर्थखात्याच्या मार्गदर्शनात अपारंपरिक इमारतींसाठी आशावादाची दुरुस्ती (अंदाज कमी धरले जातात म्हणून आधीच घातलेली वाढ) खर्चात ५१ टक्क्यांपर्यंत आणि मुदतीत ३९ टक्क्यांपर्यंत धरतात. तपशील पक्के होत गेले की ती उतरत जाते. स्टेडियम अपारंपरिकच आहे. संकल्पना-आराखड्यावर १० टक्के राखीव ठेवून मोकळं होणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

पायरी ६: आराखड्यात तपासायच्या संख्या

आर्किटेक्टला सुंदर छताचं चित्र दाखवू द्या, पण तुम्ही चार संख्या मागा.

पहिली, दृष्टिरेषा. याला सी-व्हॅल्यू म्हणतात. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या किती मिलिमीटर वरून मागच्याची नजर जाते, त्याचं हे माप. पुढच्या प्रेक्षकाचं बाजूरेषेपासूनचं अंतर गुणिले (त्याच्या डोळ्यांची मैदानापासून उंची अधिक पायरीची उंची), भागिले (अंतर अधिक पायरीची खोली), आणि त्यातून डोळ्यांची उंची वजा. समजा अंतर ३० मीटर, डोळ्यांची उंची १० मीटर, खोली ८० सेंटिमीटर, पायरी ४० सेंटिमीटर. उत्तर १३० मिलिमीटर, म्हणजे उत्तम. आता खर्च वाचवण्यासाठी पायरी ३५ सेंटिमीटर केली की उत्तर ८१. फुटबॉलला ९० चांगलं आणि ६० किमान मानतात. पाच सेंटिमीटरच्या बचतीत एवढं जातं. हे गणित प्रत्येक मजल्याच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या रांगेसाठी करून घ्या. उतार ३४ अंशांवर जाऊ देऊ नका.

दुसरी, बाहेर पडणं. ब्रिटनच्या स्टेडियम सुरक्षेच्या ग्रीन गाइडनुसार सपाट मार्गावर मीटरमागे मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावर ६६, आणि ८ मिनिटांत सगळे बाहेर पडण्याच्या मार्गात आले पाहिजेत. ९०,००० प्रेक्षकांना सपाट मार्ग एकूण १३७ मीटर रुंद लागतो, जिने असतील तर १७० मीटर. तिसरी, आत येणं: एका फिरत्या दारातून तासाला ६६०, म्हणजे एका तासात सर्वांना आत घ्यायचं तर किमान १३७ दारं. चौथी, खुर्चीची रुंदी ५० सेंटिमीटर आणि रांगेची खोली ८० सेंटिमीटर. क्षमता वाढवण्यासाठी यांना पहिली कात्री लागते.

स्वच्छतागृहांबाबत वेम्ब्लीने हात आखडला नाही. तिथे २,६१८ शौचालयं आहेत.

पायरी ७: कंत्राट

वेम्ब्लीचं कंत्राट मल्टिप्लेक्स या बांधकाम कंपनीला मिळालं, ठरलेल्या किमतीला. २००० मध्ये बोललेला आकडा सुमारे ३२.६ कोटी होता. २००२ मध्ये सही झाली ती ४४.५ कोटींवर. ठरलेली किंमत मालकाला वाढीव खर्चापासून बरीच वाचवते, आणि वेम्ब्लीत तसं झालं: कंत्राटदाराला १० कोटी पौंडांहून जास्त तोटा झाला. पण ठरलेली किंमत वेळ विकत घेत नाही. तोट्यात गेलेला कंत्राटदार घाईने काम करत नाही, तो दावे लिहितो.

पोलादाकडे जवळून पाहा. छताचा भार पेलणारी ती कमान १३३ मीटर उंच, ३१५ मीटर पल्ल्याची आणि सुमारे १,७५० टन वजनाची आहे. पोलादाच्या उपकंत्राटदाराशी आराखड्यातल्या बदलांवरून आणि पैशांवरून वाद झाला, आणि २००४ मध्ये कमान उभी राहिल्यानंतर थोड्याच दिवसांत तो काम सोडून गेला. दुसऱ्या कंपनीने अर्धवट काम उचललं. खटला २००८ पर्यंत चालला. दोन्ही बाजूंचा वकिली खर्च सुमारे २.२ कोटी पौंड, त्यात नुसत्या झेरॉक्सचे १० लाख, आणि हाती पडलेली रक्कम ६० लाखांच्या आसपास.

हे टाळायला कंत्राटात काय हवं? पोलादाचे तपशीलवार नकाशे कापणी सुरू होण्याआधी गोठवण्याची तारीख. त्यानंतरचा प्रत्येक बदल लेखी, किंमत आणि दिवसांसह, १४ दिवसांत मंजूर किंवा नामंजूर. मुख्य उपकंत्राटदारांशी मालकाचा थेट हमीकरार, म्हणजे मुख्य कंत्राटदार बुडाला तरी ते काम सोडून जाणार नाहीत. किमतीच्या १० टक्क्यांची बँक गॅरंटी, मूळ कंपनीची हमी, आणि प्रत्येक आरए बिलातून (चालू कामाच्या बिलातून) ३ ते ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे रोखून ठेवलेली रक्कम.

विलंबदंडाचा आकडा अंदाजाने लिहू नका. वरच्याच नमुन्यात एका वर्षाच्या उशिराने हप्त्याचे ३.४९ कोटी आणि पर्यायी मैदान, प्रकल्प कार्यालय यांचे समजा १ कोटी, म्हणजे सुमारे ४.५ कोटी अंगावर येतात. दिवसाला १.२३ लाख पौंड. ४५ कोटींच्या कंत्राटात दंडाला ५ टक्क्यांची मर्यादा घातली तर ती १८३ दिवसांत संपते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस तुमच्या खर्चाचा. मर्यादा १० टक्क्यांवर नेली तर वर्षभर पुरते. कंत्राटदार त्यासाठी किंमत वाढवेल. ती वाढ द्या.

पायरी ८: काम चालू असताना

दरमहा एकच पानी अहवाल पुरेसा आहे, पण तो बँकेच्या स्वतंत्र अभियंत्याने तपासलेला असावा. त्यात झालेलं काम, उरलेलं काम, अंतिम खर्चाचा आजचा अंदाज, शिल्लक राखीव रक्कम आणि मंजुरीसाठी अडलेले बदल. ‘८० टक्के काम झालं’ हे वाक्य अहवालात चालू देऊ नका. स्टेडियममध्ये शेवटच्या २० टक्क्यांत वायरिंग, अग्निशमन, लिफ्ट, सीसीटीव्ही आणि परवाने असतात, आणि तिथेच कालावधी वाहून जातो.

वेम्ब्लीत २० मार्च २००६ रोजी छताची एक पोलादी तुळई घसरली आणि सुमारे ३,००० कामगारांना बाहेर काढावं लागलं. त्याच आठवड्यात जमिनीखालची सांडपाण्याची नळी दबल्याचं उघड झालं. मे २००६ ची एफए कप फायनल कार्डिफलाच झाली आणि उन्हाळ्याचे कॉन्सर्टही हलवावे लागले. म्हणून एक नियम: ताबा मिळाल्यावर किमान तीन महिने रिकामे ठेवूनच पहिला मोठा कार्यक्रम जाहीर करा. तिकिटविक्रीचा दबाव साइटवर आणू नका.

दरम्यान सामने कुठे खेळायचे, हे पाडकामाआधी ठरलेलं असावं. इंग्लंडचा संघ क्लबांच्या मैदानांवर फिरला. आयर्लंडने क्रोक पार्क भाड्याने घेतलं, त्यासाठी त्याची मालक असलेल्या गेलिक खेळांच्या संघटनेला तिथे फुटबॉल, रग्बी होऊ न देण्याचा आपला नियम आधी शिथिल करावा लागला होता. संघटनांचे नियम बदलायला वेळ लागतो.

शेजाऱ्यांशीही वेळेत बोला. अविवाचा उत्तरेकडचा स्टँड मागच्या घरांच्या उजेडासाठी मुद्दाम बुटका ठेवला आहे. वेम्ब्लीत पूर्ण क्षमतेचे कार्यक्रम किती, यावर बांधकाम परवानगीतच मर्यादा आहे. २०१७ मध्ये टॉटनहॅम हा लंडनचा क्लब तिथे वर्षभर खेळायला आला तेव्हा त्यासाठी पालिकेची वेगळी मंजुरी लागली. उत्पन्नाच्या तक्त्यातले दिवस आणि परवानगीतले दिवस जुळतात का, हे पायरी ४ लाच पाहायचं असतं.

पायरी ९: ताबा, चाचणी आणि गवत

एकदम ९०,००० माणसं आत घेऊ नका. वेम्ब्लीत २४ मार्च २००७ रोजी इंग्लंड आणि इटलीच्या २१ वर्षांखालील संघांचा सामना मर्यादित प्रेक्षकांत झाला, आणि एफए कप फायनल १९ मे रोजी. चाचणीच्या दिवशी दारांवरची गर्दी, स्वच्छतागृहांच्या रांगा, घोषणांचा आवाज आणि वीज गेल्यावरची व्यवस्था मोजून घ्या, नुसती पाहू नका.

गवताला प्रकल्पात बहुधा कोणी वाली नसतो. वेम्ब्लीत उंच स्टँड आणि छतामुळे सावली आली, वारा कमी झाला, त्यात कॉन्सर्ट आणि अमेरिकन फुटबॉल. उघडल्यापासून तीन वर्षांत मैदान दहा वेळा बदलावं लागलं. २०१० मध्ये संमिश्र मैदान बसवल्यावर स्थिती सुधारली. यात कृत्रिम धागे सुमारे २० सेंटिमीटर खोल शिवतात आणि खरं गवत त्यांना मुळांनी पकडतं. सावलीचा अभ्यास आराखड्यातच करून घ्या. वाढीच्या दिव्यांच्या गाड्यांसाठी वीजजोडणी मैदानाच्या चारही बाजूंना ठेवा, निचऱ्याचे थर बसवतानाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो जपा, आणि कॉन्सर्टच्या भाड्यातच नवं गवत अंथरण्याचा खर्च लावा.

पहिल्या वर्षापासून उत्पन्नातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. खुर्च्या, दिवे, पडदे आणि लिफ्ट साधारण परवान्यांच्या पहिल्या नूतनीकरणाच्या सुमारासच बदलायला येतात, आणि तेव्हा कर्जाची निम्मी मुदत उरलेली असते.